घर, निवृत्तिवेतन आणि हयातीचा दाखला
पेडणे व डिचोली तालुक्यांतील ज्येष्ठ नागरिकांसाठी काही उपयुक्त माहिती

सन २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील लोकसंख्येपैकी साठ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांचे प्रमाण ११.२ टक्के होते. केरळ वगळता देशातील कोणत्याही राज्यात हे प्रमाण इतके नव्हते; संपूर्ण भारताचा आकडा ८.६ टक्के होता. आकड्यांमागील वस्तुस्थिती पाहावयाची असेल, तर पेडणे तालुक्यातील एखाद्या वाड्यावर पावसाळ्यात फेरी मारावी. मुलगा मुंबईस किंवा आखातात, मुलगी सासरी, आणि अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या गोळा करण्यासाठी घरात एकटी वृद्ध आई, असे चित्र दर चार-पाच घरांआड दिसते. चतुर्थीस घर भरते, गौरी-गणपतीचे विसर्जन होते आणि दाराला पुन्हा एका माणसाची सोबत उरते.

अशा व्यक्तींसाठी कायद्याने व शासनाच्या योजनांनी बरीच तरतूद केलेली आहे. तथापि ती तरतूद पदरात पडणे हे बहुधा एखाद्या लहानशा गोष्टीवर अवलंबून असते: वेळेवर दिलेला एक दाखला, अथवा दस्तऐवजात लिहिलेले एक वाक्य. या लेखात त्या लहान गोष्टींचाच विचार केला आहे.

प्रथम निवृत्तिवेतनाविषयी. सन २००१ मध्ये जाहीर झालेली दयानंद सामाजिक सुरक्षा योजना गोव्यातील घराघरांत ठाऊक आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे नाव या योजनेस देण्यात आले असून, साठ वर्षांवरील गरजू नागरिक, एकाकी स्त्रिया व दिव्यांग व्यक्ती यांना तीद्वारे दरमहा अर्थसाहाय्य मिळते. ज्येष्ठ नागरिकांस मिळणारी रक्कम पूर्वी अल्प होती. पुढे ती दोन हजार रुपये करण्यात आली. अर्जदार किमान पंधरा वर्षे गोव्याचा रहिवासी असावा लागतो. रक्कम थेट बँक खात्यात जमा होते, आणि त्याकरिता लाभार्थी हयात असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो.

हा दाखला मागणे म्हणजे वृद्धांवर अविश्वास दाखविणे होय, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. परंतु मृत्यूची वार्ता बँकेस किंवा समाजकल्याण खात्यास कोणी कळविली नाही म्हणून मृत व्यक्तींच्या खात्यांत रकमा जमा होत राहिल्याचे गोव्यात उघडकीस आलेले आहे, आणि त्या रकमा परत मिळविण्याचे काम शासनास करावे लागले. घरातील लाभार्थी निवर्तल्यास कुटुंबीयांनी मृत्यूची नोंद करून बँकेस तात्काळ कळवावे; नंतर वसुलीची नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते सोपे आहे. उलटपक्षी, हयात असूनही दाखला न दिल्यामुळे ज्यांचे पैसे थांबतात त्यांची अडचण अधिक गंभीर असते, कारण औषधाचा खर्च दाखल्याची वाट पाहत थांबत नाही.

दाखल्याची मुदत सर्वांस एकच नसते, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांनी तो नोव्हेंबर महिन्यात द्यावयाचा असतो. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींस १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे. डिचोली तालुक्यात खाण कंपन्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांची संख्या मोठी आहे. त्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली रक्कम मिळते. त्यांच्या बाबतीत नोव्हेंबरचे बंधन नाही. दाखला वर्षातून केव्हाही देता येतो व दिल्या दिवसापासून तो एक वर्षपर्यंत चालतो. शेजारचा निवृत्त शिक्षक नोव्हेंबरात बँकेत गेला म्हणून खाणकामगारानेही त्याच्याबरोबर रांगेत उभे राहण्याची आवश्यकता नसते, आणि मार्चमध्ये दाखला दिला असल्यास पुढील मार्च विसरूनही चालत नाही. दयानंद योजनेची मुदत खात्याकडून वेळोवेळी जाहीर होते. ती पंचायत कार्यालयात अथवा बँकेत विचारून घ्यावी.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय पद्धती उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या तसेच भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या निवृत्तिवेतनधारकांस तिचा उपयोग होतो. तीत बोटांचा ठसा घेतला जातो. शेतात व खाणीवर राबलेल्या हातांचे ठसे पुष्कळदा यंत्रास उमटत नाहीत. अशांसाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली असून ती साध्या स्मार्टफोनवरही करता येते. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊनही हे काम अल्प शुल्कात करून देतो. वाड्यावरील पोस्टमन सर्वांच्या ओळखीचा असतो; त्यास सांगून ठेवावे, इतकेच.

यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा प्रश्न घराचा आहे. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली. त्याच्या आधीपासूनच पेडणे तालुक्यातील जमिनीस पूर्वी कल्पना नव्हती असे मोल येऊ लागले होते. ज्या भाटात काल काजू वेचणाऱ्यांशिवाय कोणी फिरकत नसे, त्याचा एक-चौदाचा उतारा आज अनोळखी माणसे मागू लागली आहेत. खोट्या कागदपत्रांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ मध्ये राज्य शासनास त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. मालक परगावी आहे किंवा निवर्तला आहे, आणि वारसांनी नोंद केलेली नाही, अशा मालमत्तांवर या टोळ्यांची दृष्टी असते. यास्तव आपल्या जमिनीचा उतारा वर्षातून एकदा तरी पाहावा, आणि घर भाटकाराच्या जमिनीत असल्यास मुंडकार म्हणून आपली नोंद झाली आहे किंवा नाही याची खात्री मामलेदार कचेरीत करून घ्यावी. मुंडकारांस संरक्षण देणारा कायदा १९७५ चा आहे, तरीही वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरच थांबलेल्या नोंदी अद्याप आढळतात.

परक्यांपासून होणारे नुकसान लोकांच्या लगेच लक्षात येते. घरातल्या घरात होणारे मात्र बोलले जात नाही. उतारवयात ‘आता सगळे मुलाच्या नावावर करून मोकळे व्हावे’ असा विचार मनात येतो, आणि पुष्कळदा तो प्रेमानेच येतो. बक्षीसपत्र तयार होते, सह्या होतात. बहुसंख्य घरांत पुढे काहीही विपरीत घडत नाही. परंतु ज्या थोड्या घरांत घडते, तेथे आई-वडिलांस आपल्याच घरात पाहुण्यासारखे राहावे लागते, आणि कधी कधी तेही नाही.

याकरिता दोन दस्तऐवजांतील भेद समजून घ्यावा. मृत्युपत्र करणाऱ्यास ते हयातीत केव्हाही बदलता वा रद्द करता येते. गोव्यात ते विशेष नोटरी म्हणून काम पाहणाऱ्या उपनिबंधकासमोर करण्याची पद्धत आहे. बक्षीसपत्र मात्र एकदा झाले की मालकी गेली. ते केवळ मन बदलले म्हणून परत घेता येत नाही.

तरीही ज्यांना हयातीतच घर द्यावयाचे आहे, त्यांच्यासाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीचा २००७ चा केंद्रीय कायदा महत्त्वाचा आहे. त्याचे कलम २३ असे सांगते, की ज्येष्ठ नागरिकाने आपली मूलभूत सोय व शारीरिक गरजा भागविल्या जाव्यात या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणारा ती अट पाळीत नसेल, तर ते हस्तांतर फसवणुकीने अथवा दडपणाखाली झाल्याचे मानले जाईल व न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकेल. येथे ‘अटीवर’ हा शब्द निर्णायक आहे. हरियाणातील एका मातेने मुलींच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्रात अशी अट नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम २३ चा लाभ नाकारला. मध्य प्रदेशातील छत्तरपूरच्या दुसऱ्या एका मातेच्या प्रकरणात मुलाने सांभाळ करण्याचे वचनपत्र लिहून दिलेले होते. २ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवून घराचा ताबा मातेस परत देण्याचा आदेश दिला, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे वाचावयाचा आहे असे स्पष्ट केले. दोन्ही प्रकरणांत फरक पडला तो लेखी अटीचा. ‘देणाऱ्याचा हयातभर सांभाळ, अन्न, औषधोपचार व याच घरात निवास यांची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील’ अशा आशयाचे वाक्य दस्तऐवजात असावे, असा आग्रह धरण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जो मुलगा सांभाळणारच आहे त्यास या वाक्याची अडचण होत नाही. शिवाय, मालकी देऊन हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क स्वतःकडे राखून ठेवण्याचा मार्गही गोव्यातील कायद्यास मान्य आहे.

गोव्याच्या कौटुंबिक कायद्यामुळे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर सर्वसाधारणपणे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे स्थावर मालमत्ता देताना दोघांचीही संमती लागते. पतीच्या निधनानंतर पत्नीचा अर्धा हिस्सा हा वारसा नसून तिचा स्वतःचाच असतो. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. हे पुष्कळ विधवांस कोणी सांगितलेले नसते, आणि ‘सगळे मुलांचेच आहे’ असे समजून त्या सही करतात. दुसरी गोष्ट अशी की, मुले असताना आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच भागाचे दान वा मृत्युपत्र स्वेच्छेने करता येते. उरलेला अर्धा भाग मुलगे व मुली यांच्यासाठी समान राखलेला असतो. डिसेंबर २०१६ मध्ये अंमलात आलेल्या गोवा वारसा कायद्यानेही हेच तत्त्व कायम ठेवले आहे. एका मुलास सर्व काही लिहून दिले तरी पुढे इन्व्हेंटरीच्या वेळी बहिणी हरकत घेऊ शकतात, आणि तो वाद वडिलांच्या पश्चात भावंडांच्या वाट्यास येतो.

सांभाळ होत नसल्यास दाद मागण्याचा मार्गही याच २००७ च्या कायद्यात आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अध्यक्षाखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करावयाचा असतो. स्वतः जाणे शक्य नसेल तर दुसऱ्या व्यक्तीस किंवा संस्थेस अधिकार देता येतो. मुलगा, मुलगी तसेच सज्ञान नातवंडे यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. अपत्य नसलेल्यास मालमत्ता मिळणाऱ्या नातेवाइकाकडून. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम मंजूर होऊ शकते आणि निर्णय नव्वद दिवसांत देण्याची अपेक्षा आहे. अर्जाचा शेवट दरवेळी निकालातच होतो असेही नाही, कारण प्रकरण आधी तडजोडीसाठी सोपविण्याची तरतूद आहे. ज्येष्ठ नागरिकास सोडून देण्याच्या हेतूने कोठेतरी ठेवून जाणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे.

ज्यांना घरच उरलेले नाही, त्यांच्यासाठी प्रोव्हेदोरिया या नावाने परिचित असलेली सार्वजनिक साहाय्य संस्था गोव्यात अनेक ठिकाणी वृद्धाश्रम चालविते. पोर्तुगीज अमदानीपासून ती हे कार्य करीत आली आहे. तेथे जाणे कमीपणाचे मानण्याची वृत्ती गावांत अजून आहे. उपाशी राहण्यापेक्षा ती सोडणे बरे.

आरोग्याबाबत थोडेसेच. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेखाली वय वंदना कार्ड मिळते व त्यावर वर्षास पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार होऊ शकतात. आधार कार्डावरील जन्मवर्ष चुकीचे असल्यास अडचण येते. म्हणून ते आधीच दुरुस्त करावे. आयुर्वेदाकडे ओढा असणाऱ्यांस पेडण्यातील धारगळ येथे २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय उपलब्ध आहे. तातडीच्या प्रसंगी १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. चष्मा सापडत नसताना लहान अक्षरे कामास येत नाहीत.

दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीस निवृत्त माणसे अधिक बळी पडतात, कारण त्यांच्या खात्यात साठवलेली रक्कम असते आणि समोर बोलावयास कोणी नसते. पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचे भासवून ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगणारे फोन येतात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. फोन बंद करावा, शेजाऱ्यास बोलवावे, आणि पैसे गेले असल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडविता येण्याचा संभव अधिक असतो.

जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली व पेडणे या तालुक्यांतील अनेक घरांत पाणी शिरले. नदीकाठच्या कुटुंबांनी घराचे दस्तऐवज, बँकेचे पुस्तक, आधार कार्ड व निवृत्तिवेतनाचा आदेश एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावेत आणि त्यांच्या प्रती मुलीकडे किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे द्याव्यात. सर्व मूळ कागद एकाच नातेवाइकाच्या स्वाधीन करणे मात्र टाळावे.

पंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका व प्राथमिक शिक्षक यांना वाड्यावर एकटी राहणारी माणसे बहुधा नावानिशी ठाऊक असतात. अशा व्यक्तींची यादी पंचायतीत असेल, तर दाखल्याच्या मुदतीपूर्वी एका दिवसात सर्वांकडे जाऊन येता येते. वरच्या वर्गांतील मुलांकडून आजी-आजोबांचे अर्ज भरून घेण्याचा उपक्रम शाळांसही सहज करता येण्याजोगा आहे. आणि ज्यांना आपली अडचण गावात कोणाजवळ बोलावयाची नसेल, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय साहाय्यवाहिनी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात विनामूल्य उपलब्ध आहे.