सायकलच्या हँडलला कॉर्कच्या ग्रिप: बसवायच्या कशा, टिकवायच्या कशा?

आजचा भाग सायकलच्या त्या भागाबद्दल, ज्याला आपला हात सतत लागलेला असतो. ग्रिप.

मऊ रबराच्या ग्रिप घाम आणि उन्हाने काही वर्षांत चिकट होतात, हे तुम्ही पाहिलं असेल. म्हणून मला कॉर्क आवडतो. हलका, घामात न घसरणारा, हाताला गरम-गार न लागणारा. बाटलीचं बूच असतं, तोच. पण आपल्या रस्त्यांवर पांढरी फुलं पाडणारं बुचाचं झाड वेगळं बरं का! हा कॉर्क ओक जातीच्या झाडाची साल आहे. तो मुख्यतः पोर्तुगालमधून येतो आणि झाड न तोडता साधारण दर 9 वर्षांनी साल काढतात.

आधी माप. सरळ हँडलचा ग्रिपच्या जागचा व्यास बहुतेक 22.2 मिमी असतो, रेसिंगच्या वाकड्या हँडलचा 23.8. ग्रिपचं आतलं भोक त्याला जुळायला हवं. जुनी ग्रिप कटरने कापून काढा, हँडल स्पिरिटने पुसा, पॉलिश पेपरने थोडं खरखरीत करा. ब्रेकचे लिव्हर हव्या त्या कोनात आत्ताच घट्ट करा. कारण पुढच्या पायरीला अनडू नाही.

आता ग्रिप कोरडीच घालून बघा. घट्ट जात असेल तर आतून पॉलिश पेपर फिरवा. हातोडी नको, कॉर्कला चीर जाते. बसतेय अशी खात्री झाली की दोन ट्यूब मिसळायचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी हँडलला पातळ लावा आणि ग्रिप सरळ आत ढकला. बाहेर आलेला इपॉक्सी लगेच पुसा. 24 तास हात लावायचा नाही.

मग फिनिशिंग. कोरा कॉर्क घाम आणि मळ पितो. त्यावर उपाय आपल्या सुताराकडेच आहे: चपडा लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे किडे ती तयार करतात. काचेच्या बाटलीत 100 मिली स्पिरिटला 20 ग्रॅम लाख टाका, रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, कापडाने गाळा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस पेटलेला नको. स्पिरिट पटकन पेट घेतं.

ब्रशने पातळ हात द्या, तासभर सुकू द्या, 320 नंबरचा पॉलिश पेपर हलकाच फिरवा, पुन्हा हात द्या. तीन-चार हात पुरे. जास्त दिले तर काचेसारखं गुळगुळीत होऊन पकडच जाते. हे काम कोरड्या दिवशी करा, दमट हवेत लाखेवर पांढरट झाक येते. आणि सॅनिटायझर लावलेला ओला हात ग्रिपवर नको, अल्कोहोलने लाख विरघळते.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पुढचं चाक गुडघ्यांत धरा आणि दोन्ही ग्रिप जोर लावून पिळा. जरा जरी फिरली, तर ती सायकल रस्त्यावर काढू नका. उतारावर ब्रेक दाबताना ग्रिप निसटली तर सावरायला वेळ मिळत नाही. हँडलच्या उघड्या टोकांना प्लगही हवाच. पडताना तो नुसता पाइप पोटात घुसू शकतो.

काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!