बोधिवृक्षाचे नाते आणि लंकेचा धडा

अशोक विजयादशमीला आम्ही बेसा येथून मानेवाडामार्गे दीक्षाभूमीवर जातो. स्तूपाला वंदन करून बोधिवृक्षाखाली थोडा वेळ बसतो. हा वृक्ष श्रीलंकेतील अनुराधापूरच्या महाबोधीचा वंशज. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचे रोप तेथून आणले. अनुराधापूरचा वृक्ष सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेहून नेलेल्या फांदीचा. इतके जवळचे नाते असूनही लंका म्हटले की आमच्या लोकांना रामायण आठवते, नाहीतर क्रिकेट! म्हणून या देशाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या सुमारे दोन तृतीयांश. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास. त्यात सुमारे ७० टक्के बौद्ध, बाकी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती. नैऋत्येला भरपूर पाऊस, उत्तर-पूर्व कोरडी. तेथे प्राचीन राजांनी बांधलेल्या तलावांवर आजही भात पिकतो. मधल्या डोंगरांत चहाचे मळे. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज अशा तिघांचे राज्य या बेटाने सोसले. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी ते स्वतंत्र झाले. तोवर सिलोन म्हणवणाऱ्या या देशाने १९७२ मध्ये श्रीलंका हे नाव धारण केले.

या छोट्या देशाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. १९३१ मध्येच तेथे स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. आम्हाला त्यासाठी बाबासाहेबांच्या संविधानाची वाट पाहावी लागली. १९४५ पासून शिक्षण मोफत झाले. आज साक्षरता ९० टक्क्यांच्या वर आहे. जगातील पहिल्या महिला पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके याच देशाच्या, १९६० सालच्या.

पण बौद्ध देश म्हणजे जातिमुक्त देश, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. १७५३ मध्ये सयामच्या भिक्खूंनी तेथे उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली आणि थोड्याच काळात या सियाम निकायाची दारे गोविगम या वरच्या जातीपुरतीच उघडी राहिली. तेव्हा इतर जातींच्या भिक्खूंनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि अमरपुर निकाय उभा केला. तथागतांच्या संघात उपालीसारखा न्हावी मानाने बसला होता. त्याच संघात जात शिरली! मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी लंकेला गेले. त्या भेटीत त्यांनी कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये तेथील अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले. बौद्ध देशातही अस्पृश्य होते, हेच यातून दिसते.

पुढचा इतिहास अधिक कटू आहे. स्वातंत्र्याच्या वर्षीच नागरिकत्व कायदा झाला आणि चहामळ्यांतील लाखो तामिळ मजूर बेवतन ठरले. त्यांत दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. जून १९५६ मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. तो कायदा करणारे पंतप्रधान सॉलोमन बंदरनायके यांना १९५९ मध्ये एका भिक्खूनेच गोळ्या घातल्या. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले. १९८३ ते २००९ यादवी युद्ध चालले. १९८५ मध्ये तामिळ वाघांनी अनुराधापुरात महाबोधीजवळच निरपराधांची कत्तल केली. मैत्रीचा वृक्ष रक्ताने भिजला.

आता १९५६ हे साल पुन्हा पाहा. लंकेत एका भाषेची सक्ती झाली, त्यानंतर चारच महिन्यांनी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. भारत बौद्धमय करण्याचे स्वप्न पाहणाऱ्या या महामानवाने संविधानात मात्र कोणत्याही धर्माला अग्रस्थान दिले नाही. धम्म मनात रुजवायचा आणि राज्य सर्वांचे ठेवायचे, हा त्यांचा मार्ग. आज आमच्यातलेही काही उत्साही तरुण सरकारी बौद्ध राष्ट्राची भाषा बोलतात. त्यांनी लंकेचा हा इतिहास जरूर वाचावा. दुसऱ्यांचे धर्मराष्ट्र आम्हाला नको असेल, तर आमचेही मागता येणार नाही.

२०२२ मध्ये लंकेची तिजोरी रिकामी झाली, पेट्रोलसाठी रांगा लागल्या. तेव्हा कोलंबोच्या समुद्रकिनारी सिंहली, तामिळ, मुस्लिम एकत्र उभे राहिले आणि राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. भुकेने का होईना, माणसे एकत्र आली. ती धम्माने एकत्र यावीत, ही जबाबदारी बोधिवृक्षाच्या सावलीत बसणाऱ्या आम्हा सर्वांची आहे.