प्लगइन विकायचाय? आधी लायसन्स जुळतं का बघा

बुऱ्हाणपूर : समजा, इतवाऱ्यातल्या एका कापड दुकानदाराच्या मुलाने दुकानाची वेबसाइट वर्डप्रेसवर उभी केली आणि बिलासाठी छोटा प्लगइन लिहिला. तो स्वतःच्याच दुकानात चालवायचा असेल तर काही अडचण नाही. वर्डप्रेसचं लायसन्स, म्हणजे जीपीएल, घरच्या वापरावर अट घालत नाही. पण तोच प्लगइन रावेर-जळगावच्या दुकानदारांना द्यायला घेतला की गणित बदलतं.

विकायला बंदी नाही, इथेच बरेच जण गोंधळतात. पैसे खुशाल घ्या. मात्र सोर्स कोड द्या आणि तो बदलायचा, पुढे वाटायचा हक्कही द्या. उद्या लिहिणारा पोरगा नोकरीला पुण्याला गेला, तर दुकानदार दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊ शकतो. प्लगइन वर्डप्रेसच्या आधारावरच चालतो, म्हणून त्यालाही जीपीएल लागू, असं वर्डप्रेसवाल्यांचं म्हणणं. 2010 मध्ये ‘थीसिस’ थीमवरून हाच वाद पेटला. शेवटी थीमच्या पीएचपी कोडला जीपीएल लावलं गेलं आणि प्रकरण कोर्टाच्या निकालापर्यंत गेलंच नाही.

खरी गोची दुसऱ्याचा कोड उचलताना होते. एमआयटी लायसन्सचा कोड चालतो. अपाचे 2.0 चा जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, तिसरीशी जुळतो. वर्डप्रेस ‘दुसरी किंवा नंतरची’ म्हणतं, म्हणून प्लगइनला तिसरी लावली की सुटका. ‘धंद्यासाठी वापरू नये’ अशी अट असलेला कोड मात्र कशातच बसत नाही. तसा प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतही घेत नाहीत.