पेटी प्रवासाची, कबर मातीची

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मोहल्ल्यातील एका घरी आखातातून मय्यत आली. मुलगा तरुण, तिशीही पुरी झालेली नव्हती. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि अल्लाहचे बोलावणे आले. कागदपत्रे पुरी होऊन पेटी मुंबईच्या विमानतळावर उतरायला नऊ दिवस लागले. रात्रभर अँब्युलन्सचा प्रवास करून फजरच्या नमाजनंतर ती कोकणात, आमच्या गावी पोहोचली.

कबर आदल्या संध्याकाळीच खोदून तयार होती. पण पेटी गाडीतून खाली उतरवताच सर्वांच्या लक्षात आले, की ती या कबरीत मावणार नाही. कबर खोदणारे चाचा कुदळीला टेकून म्हणाले, "सर, पेटीचं माप मला कुणी दिलंच नाही. मी माणसाची कबर खोदलीय."

तिथेच वाद सुरू झाला. कोणी म्हणे, पेटीला सील आहे, उघडू नका, कबर रुंद करा. कोणी म्हणे, पेटीसकट दफन करणे आपल्यात नाही. कोणी म्हणे, काही झाले तरी अम्मीला तोंड दाखवलेच पाहिजे. आमच्या कबरस्तानची जमीन जांभ्याची. रुंद करायची म्हटली तर दोन तास सहज जाणार. या सगळ्या वेळात मरहूमचे वडील गडग्यावर बसून होते. त्यांना कोणी काही विचारले नाही. आम्हीही नाही. याची लाज आम्हाला आजही वाटते आणि म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

आपल्याकडे काय असते?

आम्ही शाळेत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकवतो. 'ताबूत' हा शब्द मराठी मुलांना मोहरमचा म्हणून ठाऊक असतो, उर्दूत तो मय्यतीच्या पेटीचा आहे. कुरआन शरीफमध्येही हा शब्द येतो. हजरत मूसा (अलै.) यांच्या आईने आपले तान्हे बाळ ज्या पेटीत ठेवून नदीत सोडले, ती पेटी म्हणजेच ताबूत. ती पेटी बाळाला पैलतीरी पोहोचवण्यासाठी होती. ताबूताचे काम पोहोचवण्याचे, हे तिथेच दिसते.

आपल्या दफनविधीत पेटीला जागा नाही. मय्यतीचा पोशाख म्हणजे कफन. पुरुषासाठी तीन कापडे : इजार, कमीस आणि वरची मोठी चादर, म्हणजे लिफाफा. स्त्रीसाठी त्यात ओढणी आणि सीनाबंद मिळून पाच. हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांना यमनच्या सुती, पांढऱ्या तीन कापडांत कफन दिले गेले. हजरत अबूबकर सिद्दीक (रजि.) यांनी तर आपल्याला जुन्या वापरातल्या कपड्याचेच कफन द्यावे असे सांगितले होते, नव्या कापडाची गरज जिवंत माणसाला अधिक, हे त्यांचे म्हणणे. उहुदच्या लढाईत, म्हणजे इ.स. ६२५ मध्ये, हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) शहीद झाले. मक्केतल्या सुखवस्तू घरचा हा मुलगा. त्यांच्या अंगावरची एकच चादर, डोके झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर डोके. शेवटी चादर डोक्यावर ओढून पायांवर इजखिर नावाचे गवत घातले गेले.

दुसरी वस्तू म्हणजे जनाजा. तो मशिदीचा, साऱ्या जमातीचा असतो. लाकडाचा, लोखंडी नळीचा, आता कुठे कुठे स्टीलचाही. आज एकाला नेले, उद्या दुसऱ्याला. श्रीमंताला वेगळा आणि गरिबाला वेगळा जनाजा आपल्याकडे नाही. स्त्रीच्या जनाजावर कमानी लावून कापड टाकण्याची रीत आहे. ही रीत हबशा देशात पाहून आलेल्या हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांनी हजरत फातिमा (रजि.) यांना दाखवली, असे सांगितले जाते.

तिसरी वस्तू कबर. तिचे दोन प्रकार. जमीन टणक असेल तर किबल्याच्या बाजूच्या भिंतीत कोनाडा काढतात, ती लहद किंवा बगली कबर. माती भुसभुशीत किंवा रेताड असेल तर खड्ड्याच्या मध्ये आणखी एक चर काढून त्यावर फळ्या टाकतात, ती शक. लहद कच्च्या विटांनी बंद करतात. शकवर लाकडी फळ्या किंवा दगड येतात, अलीकडे सिमेंटच्या लाद्याही. म्हणजे नीट पाहिले तर फळ्या आपल्याकडेही आहेत. फक्त त्या माणसाच्या वर असतात, माती अंगावर कोसळू नये म्हणून. खाली जमीनच असते.

मदिनेतली एक गोष्ट इथे आठवते. प्रेषितांच्या (स.) वफातीनंतर कबर लहद करावी की शक, असा प्रश्न आला. मक्केच्या रीतीने कबर खोदणारे हजरत अबू उबैदा (रजि.) आणि मदिनेच्या रीतीने लहद करणारे हजरत अबू तलहा (रजि.), दोघांनाही निरोप गेला. अबू तलहा आधी पोहोचले, म्हणून लहद झाली. एवढ्या मोठ्या दुःखाच्या वेळीही हा प्रश्न इतक्या शांतपणे सुटला. आमच्या मोहल्ल्याला ते जमले नाही.

मग पेटी चालते का?

हनफी आणि शाफई, दोन्ही मसलकांत विनाकारण पेटीत दफन करणे मकरूह मानले आहे. पण जमीन पाणथळ किंवा फार भुसभुशीत असेल, तर दोन्हींकडे परवानगी आहे. अशा वेळी पेटीच्या तळाशी माती पसरावी, असे हनफी फिकहच्या पुस्तकांत सांगितले आहे. म्हणजे नाइलाजाने पेटी आली तरी माणूस मातीवरच टेकावा, हा विचार.

जगातल्या मुसलमानांतही प्रसंगाप्रमाणे फरक दिसतो. तुर्कस्तानात मय्यत लाकडी ताबूतात घालून खांद्यावर नेतात, पण कबरीत फक्त कफनासह उतरवतात. बोस्नियात १९९५ च्या जुलै महिन्यात स्रेब्रेनित्सा येथे हजारो मुसलमान पुरुष आणि मुलांची कत्तल झाली. सामूहिक खड्ड्यांतून अवशेष शोधून, ओळख पटवून, दरवर्षी ११ जुलैला पोटोचारीच्या कबरस्तानात हिरव्या कापडात मढवलेले ताबूत आणले जातात. कित्येकांची पुरी हाडेही मिळालेली नाहीत. तिथे ताबूतावर बोट ठेवण्याची हिंमत कोण करील?

कोरोनाच्या काळात आपणही हे अनुभवले. २०२० साली मय्यती प्लास्टिकच्या बंद पिशवीतून येत. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाच्या सर्व मृतदेहांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी बदललेही. पुढे मे महिन्यात वांद्र्याच्या कबरस्तानासंबंधीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने दफन थांबवण्यास नकार दिला. गुसल नाही, तोंड पाहणे नाही, तरी माणसे मातीत गेली. नाइलाज हा नाइलाज असतो. अल्लाह नियत पाहतो.

पेट्यांचा बाजार

पाश्चात्त्य देशांत पेटी हा मोठा व्यापार आहे. तिथे दोन घाट प्रसिद्ध आहेत. खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती, सहा बाजूंची ती कॉफिन. सरळ चौकोनी ती कास्केट. स्वस्तात हवी तर लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाटाची, वरून पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेली. त्याहून बरी पाइनची. मग ओक, अक्रोड, महोगनी असे भाव चढत जातात. धातूच्या पेट्याही असतात. पोलादी पत्रा गेजमध्ये मोजतात : २०, १८, १६, आकडा लहान तितका पत्रा जाड आणि किंमत जास्त. त्याहून वर तांबे आणि ब्राँझ. आत साटीन, मखमल, उशी.

काही पेट्यांच्या झाकणाला रबराची पट्टी असते. अशा पेटीत देह टिकून राहतो असे सांगून ती महाग विकली जाई. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाचा १९८४ पासूनचा नियम विक्रेत्यांना असा दावा करू देत नाही, कारण कोणतीही पेटी देहाला कायमची राखू शकत नाही. पोलादाचा गेज कितीही असो, मातीचे देणे चुकत नाही.

आता त्याच देशांत काही लोक वेताच्या, बांबूच्या, पुठ्ठ्याच्या पेट्या निवडू लागले आहेत. परंपरेने चालणारे यहुदी तर फार पूर्वीपासून धातूचा खिळाही नसलेली साधी लाकडी पेटी वापरतात. साधेपणाची ओढ आपल्यापुरतीच नाही, हे मुलांना सांगायला हवे.

आखाताहून येणारी पेटी

आपल्या घरांशी संबंध येतो तो या पेटीचा. बाहेरून प्लायवूड किंवा साधे लाकूड आणि आत जस्ताचा पत्रा, सांधे झाळून हवाबंद केलेला. विमानात काही गळू नये, वास येऊ नये, यासाठी ही व्यवस्था. देहावर औषधी द्रव्यांची प्रक्रिया केलेली असते, तिला एम्बामिंग म्हणतात. काही पेट्यांना चेहऱ्याजवळ काच असते. यातली एकही गोष्ट मय्यतीच्या इज्जतीसाठी नाही. सारी प्रवासासाठी आहे. हे एकदा समजले की निम्मे वाद मिटतात.

घरात कोणी परदेशी असेल, तर पुढील गोष्टी माहीत असाव्यात :

१. मय्यत आणायची की तिथेच दफन करायची, हे आधी वारसांनी ठरवावे. दफनात विलंब नसावा ही शरियतची शिकवण आहे. तिकडच्या मातीत दफन झाल्याने कोणाचा दर्जा कमी होत नाही. पण आईबापांनी आणायचे म्हटले, तर त्यांना बोल लावू नये.

२. आणायची तर मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. पाठवण्याचा खर्च साधारणपणे मालकावर असतो. तो देत नसेल तर दूतावासाकडे अर्ज करावा. गरजूंसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून मदत होऊ शकते.

३. पाठवणाऱ्याकडून पेटीची लांबी, रुंदी, उंची फोनवरच विचारून घ्यावी आणि कबर खोदणाऱ्याला कळवावी.

४. तिथे गुसल आणि कफन झाले आहे का, जनाजाची नमाज झाली आहे का, हेही विचारावे. मृत्यूचे कारण संसर्गाचे आहे का, तेही. तसे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पेटी उघडू नये.

५. उघडायची असेल तर मोकळ्या हवेच्या जागी, दोन-तीन जाणत्या माणसांनीच उघडावी. औषधाच्या वासाने डोळे चुरचुरतात. मास्क आणि हातमोजे असावेत. पत्रा कापायची कात्री हाताशी ठेवावी, कारण जस्ताची धार हात कापते. घरच्यांना आधी आत सोडू नये. चेहरा दाखवण्याजोगा असेल तरच दाखवावा.

६. शेवटचा शब्द वारसांचा आणि पेश इमामांचा. बाकीच्यांनी खांदा द्यावा, दुआ करावी.

त्या सकाळी

शेवटी आमचे पेश इमाम गडग्याजवळ गेले आणि वडिलांच्या शेजारी बसले. हळूच विचारले, "भाईजान, तुमची मर्जी काय?" वडील एवढेच म्हणाले, "त्याला बाहेर काढा. नऊ दिवस आत आहे."

मशिदीच्या गुसलखान्यात चौघांनी पेटी उघडली. तिकडे गुसल-कफन झालेलेच होते. चेहरा शांत होता. अम्मीला आणले. तिने कफनावरून हात फिरवला, काही बोलली नाही. मग मशिदीचाच जुना लाकडी जनाजा, त्यावर त्याच्या आजोबांना नेले होते. चाचांनी खोदलेल्या कबरीत तो नीट मावला. फळ्या लागल्या, साऱ्यांनी तीन-तीन मुठी माती दिली.

रिकामी पेटी मात्र कबरस्तानच्या भिंतीला टेकून राहिली. ती कुठे न्यायची, याचा विचार कोणी केला नव्हता. पावसात प्लायवूड फुगून त्याचे थर सुटले. आतला पत्रा तसाच चमकत होता आणि येता-जाता वडिलांच्या नजरेस पडत होता. दीड महिन्याने आम्ही चौघांनी ती उचलून नेली. पत्रा भंगारात दिला, त्याचे पैसे मशिदीच्या कफन-फंडात टाकले. तेव्हा वरच्या यादीत हे सातवे कलमही घाला : दफन झाल्यावर पेटी त्याच दिवशी नजरेआड करा.

आता आमच्या जमातीने ठरवले आहे, की परदेशातून मय्यत येणार असे कळले, की पहिला निरोप कबर खोदणाऱ्या चाचांना आणि दुसरा पेश इमामांना. वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय कबरीच्या काठावर कोणी आवाज चढवायचा नाही. आपल्या मोहल्ल्यातही असे ठरवता आले, तर वेळ येण्याआधीच ठरवा. परदेशी असलेल्या आपल्या सर्व मुलांना अल्लाह सुखरूप घरी आणो, आणि त्या मरहूमची मगफिरत करो. आमीन.