घरच्या घरी लाकडी पेटी : मापापासून झाकणापर्यंत



पांघरुणं, खेळणी, वर्गातलं शैक्षणिक साहित्य ठेवायला झाकणाची एक मोठी पेटी फार उपयोगी पडते. ती घरी बनवता येते, आणि बनवताना मुलांचं मोजमाप, वजाबाकी, भूमिती हे सगळं हातून होतं. मात्र जिथे लहान मुलं आहेत तिथे पेटीचं झाकण हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. त्याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

साहित्य

१८ मिमी जाडीचा ८ × ४ फुटी प्लायवूडचा एक पत्रा, फेव्हिकॉल, दोन इंची स्क्रू, तीन बिजागऱ्या, पॉलिश पेपर, मेजरिंग टेप, गुण्या आणि ड्रिल. प्लाय घेताना आयएसआय खूण पाहा. साध्या वापराला आयएस ३०३ चा प्लाय चालतो. ओल येणाऱ्या खोलीसाठी आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्या.

मापे

बाहेरून पेटी ९० सेमी लांब आणि ४५ सेमी रुंद धरू. भिंतींची उंची ४० सेमी.

- पुढची व मागची फळी : ९० × ४० सेमी (२ नग)
- बाजूच्या फळ्या : ४१.४ × ४० सेमी (२ नग)
- तळ : ८६.४ × ४१.४ सेमी
- झाकण : ९० × ४५ सेमी

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : रुंदी ४५ आहे, मग बाजूची फळी ४१.४ च का? बाजूची फळी पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये बसते. प्रत्येकीची जाडी १.८ सेमी, म्हणजे ३.६ सेमी वजा करावे लागतात. दशांश अपूर्णांकांची वजाबाकी इतकी खरी पुस्तकात होत नाही!

हे सगळे तुकडे एकाच पत्र्यात बसतात. ते कागदावर आधी मुलांकडून मांडून घ्या. कापणी मात्र दुकानातून किंवा सुतारकाकांकडून करून आणा.

कृती

१. कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा.

२. स्क्रूपेक्षा बारीक भोकं आधी पाडून घ्या. थेट स्क्रू पिळला तर प्लायचे थर सुटतात.

३. सांध्याला फेव्हिकॉल लावून चारही फळ्या जोडा. दर कोपऱ्याला तीन स्क्रू.

४. आता दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, साधारण १००.६ सेमी, आले तर चौकट काटकोनात आहे. कमी-जास्त आले तर लांब कर्णाच्या टोकांवर दाब देऊन सरळ करा. आयताचे कर्ण समान असतात, हा गुणधर्म इथे कामाला येतो.

५. तळ आतून बसवा आणि बाहेरून स्क्रू मारा. खाली अडीच सेमी जाडीच्या दोन आडव्या पट्ट्या, तळापुरते आखूड स्क्रू वापरून बसवा. तळाला आधार मिळतो आणि पावसाळ्यात फरशीची ओल वर चढत नाही.

६. फेव्हिकॉल पूर्ण वाळायला एक दिवस द्या. मग पॉलिश किंवा रंग.

झाकण : इथे घाई नको

हे झाकण चार-पाच किलो भरतं. वरून पडलं तर बोटं चिरडतात, डोक्याला, मानेला मार बसतो. लपाछपी खेळताना मूल आत बसलं आणि झाकण बंद झालं तर जीव गुदमरू शकतो. म्हणून,

- मध्ये कुठेही सोडलं तरी जागीच थांबेल असा झाकणाचा आधार दुकानातून आणून बसवा. नुसत्या साखळीने झाकण मागे जाणं थांबतं, खाली पडणं थांबत नाही.
- पुढच्या फळीच्या वरच्या कडेला मधोमध १० सेमी लांब, २ सेमी खोल खाच घ्या. बोटांना जागा होते, हवाही खेळते.
- दोन्ही बाजूंना ३ सेमीची दोन-दोन भोकं पाडा. मागे पाडाल तर भिंतीला टेकून बंद होतील.
- आपोआप अडकणारी कडी किंवा कुलूप लावू नका. आतून ढकललं की झाकण उघडलंच पाहिजे.

पेटी तयार झाली की आतली लांबी, रुंदी, उंची मुलांना मोजू द्या. ८६.४ × ४१.४ × ३८.२ म्हणजे सुमारे १३७ लिटर. घनफळाचं उत्तर डोळ्यांसमोर उभं राहतं.

आणि वापर सुरू करण्याआधी झाकण निम्मं उघडून सोडून पाहा. ते पडलं, तर पेटी अजून तयार नाही.