थिंग म्हणजे थांब

वुशू या चिनी युद्धकलेतला ‘सांदा’ हा लढतीचा प्रकार शालेय स्पर्धांमधून गावोगावच्या मुलामुलींपर्यंत पोहोचला आहे. त्याचे नियम आणि त्यातल्या पंचाचे काम पालकांनीही समजून घ्यायला हवे.

सांदाची लढत पहिल्यांदा पाहणारा माणूस पाच मिनिटांत पंचावर चिडतो. आपल्या मुलीने दोन खणखणीत ठोसे लगावलेले असतात. समोरच्या मुलीने एकदाच तिचा उचललेला पाय धरून तिला आडवे केलेले असते आणि तरी गुण दोघींचे सारखेच. पुढच्या झटापटीत आपल्या मुलीचा गुडघा लागतो, तर पंच लढत थांबवून गुण समोरच्या मुलीच्या खात्यात टाकतात. एवढी हाणामारी चालते, मग गुडघ्यानेच काय बिघडले, असे त्या पालकाला वाटते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नियमांत आहे. ते मुलांच्या प्रशिक्षकाला ठाऊक असते, आईवडिलांपर्यंत मात्र क्वचितच पोहोचते.

महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या बरोबरीने वुशूचे नाव आहे. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरची, गंगाखेडची, पाथरीची मुलगी जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊ शकते. या पायऱ्यांना व्यवहारातही मोल आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणजे मॅटच्या कडेला बसलेल्या पंचाने दाबलेले बटण दहा वर्षांनी कुणाच्या तरी नेमणुकीच्या कागदापर्यंत पोहोचू शकते. म्हणून हे नियम समजून घ्यायचे.

मंचावरून आलेला खेळ

चिनी भाषेत ‘वु’ म्हणजे युद्ध आणि ‘शु’ म्हणजे कला. वुशूचे स्पर्धेतले दोन भाग आहेत. ‘थाओलू’ म्हणजे ठरलेल्या हालचालींचे प्रात्यक्षिक, कधी मोकळ्या हातांनी तर कधी तलवार-भाला घेऊन. ‘सांदा’ म्हणजे समोरासमोरची मुक्त लढत. ठोसा, लाथ आणि पाडणे या तिन्ही गोष्टी एकाच लढतीत चालतात.

सांदाचे मूळ चीनमधल्या जुन्या मंचावरच्या झुंजींत आहे. त्या मंचाला ‘लेइताई’ म्हणतात. १९२८ मध्ये नानजिंगला राष्ट्रीय पातळीवर अशा झुंजी घेतल्या गेल्या. तेव्हा वजनगट नव्हते आणि अंगावर संरक्षक साधनेही नव्हती. इतके लढवय्ये जखमी झाले की अखेरच्या फेरीपर्यंत टिकलेल्यांना एकमेकांशी लढूच दिले नाही. नियम नसले की स्पर्धा निकालापर्यंत पोहोचत नाही, हा धडा तिथे महागात मिळाला.

१९७९ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने जेजियांग प्रांत आणि बीजिंग व वुहानच्या क्रीडा संस्थांमध्ये सांदा प्रायोगिक पातळीवर सुरू केला. आधी छोट्या प्रमाणावर लढवून पाहायचे, दुखापती कुठे होतात ते बघायचे आणि त्यावरून नियम लिहायचे, असा तो क्रम होता. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय वुशू महासंघ स्थापन झाला. त्याच वर्षीच्या बीजिंग आशियाई स्पर्धेत वुशू आला आणि १९९८ च्या बँकॉक स्पर्धेत सांदाचा समावेश झाला.

एक गुण, दोन गुण

मोठ्या स्पर्धेत सांदाचा मंच आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच असतो. त्याला दोर नसतात. कडेपासून नव्वद सेंटिमीटर आत एक पिवळी पट्टी आखलेली असते, ती खेळाडूला कड जवळ आल्याची सूचना देते. मंचाभोवती खाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात, कारण पडणे हा या खेळाचाच भाग आहे. लहान गावांतल्या स्पर्धांत असा उंच मंच उभारणे सोपे नसते. तिथे सपाट मॅटवर रेषा आखतात आणि रेषेबाहेर जाणे म्हणजे मंचावरून उतरणे धरतात.

लढत तीन फेऱ्यांची. प्रौढांसाठी फेरी दोन मिनिटांची आणि मध्ये एक मिनिट विश्रांती. ज्याने दोन फेऱ्या जिंकल्या त्याने लढत जिंकली. प्रत्येक फेरीचा हिशेब स्वतंत्र असतो. पहिल्या फेरीत मिळालेले पंधरा गुण दुसरीत कामाला येत नाहीत. त्यामुळे एक फेरी वाईट गेलेल्या मुलीला पुन्हा उभे राहायची संधी मिळते.

आता गुणांकडे येऊ. डोक्यावर किंवा धडावर नीट बसलेल्या ठोशाला एक गुण. मांडीवर बसलेल्या लाथेला एक, धडावर बसलेल्या लाथेला दोन. समोरच्याला पाडून स्वतः उभे राहिले तर दोन. दोघेही पडले, पण एक वर राहिला तर त्याला एक. दोघे एकदमच पडले तर कुणालाच काही नाही. समोरचा मंचाबाहेर गेला की दोन गुण, आणि एकाच फेरीत तो दोनदा बाहेर गेला तर ती फेरीच हातची गेली.

हे आकडे असेच ठरलेले नाहीत. धडावर लाथ मारायची तर एका पायावर उभे राहावे लागते आणि त्या क्षणी समोरच्याने पाय धरला की आपण खाली. जोखीम मोठी म्हणून मोबदला मोठा. पाडून स्वतः उभे राहण्याला दोन गुण, कारण त्यासाठी तोल, वेळ आणि पकड तिन्ही साधावे लागते. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. पट काढणे, टांग मारणे हे डाव ज्या मुलाच्या अंगवळणी पडले आहेत, त्याला सांदात पहिल्या दिवसापासून फायदा मिळतो.

फरक आहे तो वेळेचा. तालमीतला पैलवान पकड घेऊन दम खातो, समोरच्याला थकवतो, संधीची वाट पाहतो. सांदात दोघे एकमेकांना बिलगले आणि दोन सेकंदांत कुणी कुणाला पाडले नाही, तर पंच लढत सोडवतात. उलट, कुणीच चाल करत नसेल तर पंच एका खेळाडूला हल्ला करायला सांगतात. आठ सेकंदांत त्याने काही केले नाही तर समोरच्याला एक गुण. बिलगून राहणे चालत नाही आणि लांब फिरत राहणेही चालत नाही.

काय करायचे नाही

कोपर, गुडघा आणि डोक्याची धडक यांना पूर्ण बंदी आहे. डोक्याची मागची बाजू, गळा आणि जांघ यांवर मारायचे नाही. सांधा उलटा पिळायचा नाही. समोरच्याला डोक्यावर आपटेल असे फेकायचे नाही आणि पडलेल्याला मारायचे नाही. आता त्या पालकाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ग्लोव्हजमधली मूठ आणि गुडघ्याचे हाड यांच्या माऱ्यात फार अंतर आहे. जवळून लागलेला गुडघा आवरता येत नाही आणि त्याने झालेली इजा भरून काढता येत नाही. लहान वयोगटांत तर डोक्यावरच्या हल्ल्यांना आणखी मर्यादा घातलेल्या असतात. आयोजकांनी स्पर्धेआधी जाहीर केलेले नियम पालकांनी मागून वाचावेत. तो त्यांचा हक्क आहे.

चूक किरकोळ असेल तर समज मिळते आणि समोरच्याला एक गुण. चूक गंभीर असेल तर ताकीद आणि समोरच्याला दोन गुण. असे सहा गुण गमावले की खेळाडू त्या लढतीतून बाद. दातांचे गार्ड मुद्दाम थुंकणे, अडचणीत सापडल्यावर हात वर करून थांबायला सांगणे, वेळ काढणे, पंचाशी उद्धटपणे वागणे या सगळ्याची मोजदाद होते. लढतीआधी एक मूठ दुसऱ्या तळव्याला लावून केलेला नमस्कारसुद्धा नियमातच आहे. तो टाळणे हीदेखील चूक धरतात.

नियमावलीतली दोन कलमे मला फार मोलाची वाटतात. पहिले कलम असे: समोरच्याच्या नियमबाह्य माऱ्याने खेळाडू जखमी झाला आणि डॉक्टरांनी तो पुढे खेळू शकत नाही असे ठरवले, तर लढत त्याने जिंकली, पण पुढच्या लढतींत त्याला उतरता येत नाही. त्याला न्याय मिळतो आणि त्याचे शरीरही जपले जाते. दुसरे कलम याच्या उलट आहे. खेळाडू दुखापतीचे सोंग करतो आहे असे वैद्यकीय तपासणीत दिसले, तर विजय समोरच्याचा. दोन्ही ठिकाणी निर्णयाची किल्ली डॉक्टरांच्या हाती आहे.

ही कलमे कागदावर राहून चालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंजाबात झालेल्या आंतरविद्यापीठ वुशू स्पर्धेत एक तरुण खेळाडू लढतीदरम्यान कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. संरक्षक साधने अंगावर असतानाही असे घडू शकते. म्हणून मॅटच्या शेजारी डॉक्टर हवा आणि दाराशी रुग्णवाहिका हवी. वजनाच्या वेळी घेतलेले वैद्यकीय प्रमाणपत्र हा केवळ सहीशिक्क्याचा कागद नसावा. पालकांनी मुलांच्या गणवेशाआधी या तीन गोष्टींची चौकशी करावी.

पंच किती आणि कोण

सांदात मंचावर एकच पंच उभा असतो. गुण देण्याचे काम मंचाभोवती बसलेल्या पाच पंचांचे. यंत्र असेल तर ते बटण दाबतात, नसेल तर कागदावर नोंद करतात आणि निकाल बहुमताने लागतो. पाच जण वेगवेगळ्या बाजूंना बसतात, कारण एका बाजूने अचूक दिसलेला ठोसा दुसऱ्या बाजूने हातावर अडलेला दिसू शकतो. त्यांच्यावर मुख्य पंच असतो, शिवाय वेळ पाहणारा आणि नोंद ठेवणारा. फेरी बरोबरीत सुटली तर आधी ताकीद कुणाला कमी ते पाहतात, मग समज कुणाला कमी ते. तरीही बरोबरी राहिली तर त्या दिवशी वजन कुणाचे कमी भरले ते पाहतात. हलक्या अंगाने बरोबरी साधली त्याचे कौतुक आधी.

मंचावरचा पंच चिनी शब्दांत आज्ञा देतो. ‘यूबेइ’ म्हणजे तयार, ‘खाइशी’ म्हणजे सुरू आणि ‘थिंग’ म्हणजे थांब. ठोसे-लाथांचे गुण त्याच्या हातात नसतात. त्याच्याकडे थांबवण्याचा अधिकार असतो. जबर मारा बसलेल्या खेळाडूसमोर तो उभा राहतो आणि आठपर्यंत आकडे मोजतो. त्या आठ सेकंदांत त्याचे लक्ष डोळे, गुडघे आणि मान यांवर असते. पोरगा ‘मी ठीक आहे’ म्हणतो, प्रशिक्षक बाहेरून ‘चालू दे’ म्हणतो, बाकावरून गाववाले ओरडतात. त्या सगळ्या गलक्यात ज्याने मुलाच्या डोळ्यांत पाहिलेले असते असा तो एकटाच माणूस असतो. त्याला शंका आली तर त्याने थांबवावे. चुकीने लवकर थांबवलेल्या लढतीची भरपाई पुढच्या वर्षी होते. उशिरा थांबवलेल्या लढतीची कधीच होत नाही.

पंचाचा निर्णय चुकू शकतो, आणि त्यासाठीही मार्ग आहे. संघाने ठरलेल्या वेळेत, शुल्क भरून, लेखी हरकत नोंदवायची असते. महाराष्ट्राने याच्या उलट चित्रही पाहिले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ याच्याविरुद्धच्या कुस्तीचा निकाल मान्य न झालेल्या शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. राक्षेचे खांदे टेकले की नाही यावर लोक अजून वाद घालतात. त्या वादात एक बाब मागे पडते. पंचावर हात-पाय टाकण्याची मुभा दिली, तर उद्या कुठलाच पंच धोक्याच्या क्षणी ‘थांब’ म्हणायचे धाडस करणार नाही. त्याची किंमत मॅटवरच्या पोराला मोजावी लागेल.

आपल्या मुली कुठे पोहोचू शकतात

हरियाणाच्या पूजा कादियान हिने २०१७ मध्ये रशियातल्या कझान इथे ७५ किलो गटात भारताला सांदातले पहिले जागतिक सुवर्णपदक मिळवून दिले. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातली रोशिबिना देवी शेतकऱ्याची मुलगी. तिने २०१८ मध्ये जकार्ता इथे आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०२३ मध्ये हांगझो इथे ६० किलो गटात रौप्य मिळवले. कापूस-सोयाबीनवर घर चालवणाऱ्या परभणीच्या माणसाला तिची वाट अनोळखी वाटू नये.

त्या वाटेवर आपल्या जिल्ह्याला चांगले प्रशिक्षक हवेत आणि तितकेच चांगले पंचही हवेत. निवृत्त खेळाडूंनी, शाळांमधल्या क्रीडाशिक्षकांनी, जुन्या पैलवानांनी पंचांची परीक्षा द्यावी. नियमावली मराठीत, सोप्या भाषेत, प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावी. मुलींच्या लढतींसाठी जिल्ह्यात महिला पंच तयार व्हाव्यात, म्हणजे गावातून मुलगी पाठवताना आईला धीर येईल.

पुढच्या वेळी स्पर्धा पाहायला जाल तेव्हा गुणफलकाआधी मंचावरच्या पंचाकडे पाहा. त्याने हात आडवा घालून ‘थिंग’ म्हटले आणि तुमची मुलगी मूठ मागे घेऊन जागच्या जागी थांबली, तर तिथेच टाळी वाजवा. एवढे बळ अंगात असताना एका शब्दावर थांबायला ती शिकली आहे.