गरिबांचे देणे

चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी श्रीमंतांना बजावले होते, की गरिबाला देताना तुम्ही पदरचे काही देत नाही. त्याचेच त्याला परत करता. कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणीचा गाभा या विचारात आहे. तो पेलायला मात्र चर्चला फार काळ लागला.

सेवा थांबली नव्हती. १६३३ मध्ये व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईज द मारियाक यांनी पॅरिसमध्ये मठाबाहेर पडून आजाऱ्यांच्या दारी जाणाऱ्या भगिनींचा संघ उभारला. १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम या २० वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केलेले व्हिन्सेंट डी पॉल मंडळ आज मुंबईतल्या चर्चमधूनही काम करते.

पण कारखान्यांच्या युगात भाकरी वाटून भागणार नव्हते. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक निघाले. खासगी मालमत्तेचा हक्क त्यात राखला आहे, समाजवाद नाकारला आहे. पण कामगाराच्या संघटनेलाही मान्यता दिली आहे. पोटासाठी कामगाराने अपुरी मजुरी कबूल केली, म्हणून तो करार न्याय्य ठरत नाही, असे लिओ सांगतात. आजच्या कंत्राटी कामगाराला आणि घरोघर पार्सल पोचवणाऱ्या मुलांना हे वाचून दाखवायला हवे.

पुढचे पाऊल लॅटिन अमेरिकेत पडले. १९६८ ला मेडेलिन आणि १९७९ ला पुएब्ला इथे तिथले बिशप जमले आणि गरिबांना अग्रक्रम देण्याची भूमिका ठरली. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी मुक्तिवादी ईशविचार मांडून तिला वैचारिक बळ दिले. १९८४ मध्ये व्हॅटिकनने या मुक्तिवादी विचारातल्या मार्क्सवादी छटांवर कडक टीका केली. त्याआधीच एल साल्वादोरमध्ये या भूमिकेची किंमत रक्ताने मोजली गेली होती. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी सैनिकांना आपल्याच शेतकरी बांधवांवर गोळ्या झाडू नका असे विनवले आणि दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० रोजी, मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांना संतपद मिळायला २०१८ उजाडले. हा उशीर खटकतो.

महाराष्ट्रात हाच विचार पाण्याच्या वाटेने आला. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत आयुष्य वेचले. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था उभारली. बांधबंदिस्ती, श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. आणि निर्णय गावाच्या पाणलोट समितीचे. इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. डोंगर हिरवा झाला की वाढलेल्या पाण्याचा लाभ आधी जमीनवाल्याला मिळतो आणि चराईबंदीचा भार शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनाला सोसावा लागतो. गरिबांना अग्रक्रम म्हणजे अशा वेळी त्या मेंढपाळाचे आधी ऐकणे.

भारतीय चर्चची खरी कसोटी घरातच आहे. चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते, ही कबुली बिशपांनी २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात दिली. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत; त्या मिळाव्यात ही चर्चची मागणी रास्तच आहे. पण तामिळनाडूत काही गावांत दलित ख्रिस्तींची दफनभूमी आजही वेगळी आहे, आणि ती एक करणे हे काम बिशपांच्या स्वतःच्या अधिकारातले आहे.